साहेबांना साइट आवडते

मंडळी, आज मुंबईत इंटरव्ह्यू देऊन आले. डोकं बधिर झालंय, म्हणून इथेच लिहिते.

मी मुंबई ते अलिबागजवळचा मांडवा या बोटींची तिकीट बुकिंगची साइट सांभाळते. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की माझं कामही बंद. म्हणून बारमाही नोकरी शोधतेय.

समोरच्या साहेबांनी विचारलं, "कोडिंग कशात करता?"

"जावा. स्ट्रट्स फ्रेमवर्क."

ते हसले. "अहो मॅडम, स्ट्रट्स आता कोण वापरतं? ते कधीच संपलं."

मग बायोडेट्यावरचा पत्ता तेवढा वाचून म्हणाले, "अलिबागच्या का? आमचा बंगला आहे तिकडे. दर शनिवारी बोटीने येतो. बुकिंगची साइट मस्त आहे हो, कधी अडकत नाही."

मी नुसतं "हो" म्हटलं. ती साइट स्ट्रट्सवरच चालते, मीच चालवते, हे सांगावंसंही वाटलं नाही. राग आला असता तरी बरं झालं असतं. काहीच आलं नाही.

परतीच्या बोटीत बसले तोच तिकीट काउंटरवरच्या सुभाषदादांचा फोन. "ताय, शनिवार सकाळची फुल्ल झाली. लोकं आयकत न्हायत. एक जादा फेरी टाक ना."

मोबाइलवरूनच टाकली. मांडवा यायच्या आत सीट भरायला लागल्या. त्यातली एखादी साहेबांची असेल.

सांगायला हवं होतं का हो मी?