मी बसमधून उतरले नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी कौन्सिलशी फोनवर झालेलं भांडणसुद्धा तीनदा सांगते.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या मराठी मंडळात व्हिसाचं काही अडलं की लोक मला विचारतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? अश्विनी तर माझ्याच ऑफिसातली, सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचे फॉर्म मीच तपासायचे. सरकारी वेबसाइट तिने कधी उघडलीच नाही. ‘मेघना आहे ना,’ म्हणायची.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत नवरे-मुलं घरी ठेवून आम्ही दोघी बेलफास्टला, म्हणजे यूकेतल्याच उत्तर आयर्लंडला गेलो. विटांचं जुनं गेस्टहाउस, उतरत्या छपराखालची खोली, गोदी आणि जुना तुरुंग पायी जाण्याइतक्या अंतरावर. तुरुंग बघून परतलो आणि चहा पिताना अश्विनीने सांगितलं — टीम लीडची जागा तिला मिळाली. त्या जागेसाठी मी अर्ज केला होता. मुलाखतीची तयारी मी तिच्याच किचनमध्ये बसून केली, माझी सगळी उत्तरं तिने ऐकली — आणि एक शब्द न बोलता स्वतःही अर्ज भरला.

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं गं,” ती म्हणाली.

केसाने गळा कापला होता तिने. मी हसून अभिनंदन केलं. तो राग अजून गेलेला नाही. पण पुढचं जे आहे, ते रागाने केलं म्हणून सुटका करून घ्यायची — ते जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी सीमेपलीकडे, आयर्लंडमधली हजारो वर्षांपूर्वीची थडगी बघायला जायचं होतं. नाश्त्याला मी आधी खाली आले. टोस्ट ठेवता ठेवता मालकीण म्हणाली, तुमची मैत्रीण भारतीय पासपोर्टवर आहे ना? तिला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागेल. सीमेवर फाटक नाही, पण कधीकधी बसमध्ये चढून तपासतात. मला हे माहीत नव्हतं का? होतं. ब्रिटिश पासपोर्ट हातात येईपर्यंत मी स्वतः याच कारणाने डब्लिनला गेले नव्हते.

अश्विनी केस पुसत आली. “मेघना, आज पासपोर्ट वगैरे चेक करतात का गं? माझा व्हिसा तर यूकेचाच आहे.”

“काही नसतं. तू निवांत खा.”

किती साधं वाक्य, नाही? ती पकडली जावी असं वाटत होतं का मला? की कुणी आपल्याला सांगितलं नाही की कसं वाटतं, ते एकदा तिलाही कळावं — एवढंच? खरंच ठरवता येत नाही.

सीमा ओलांडल्यावर बस थांबली. अधिकारी चढला, माझा पासपोर्ट बघून पुढे सरकला. अश्विनीने फोनवर व्हिसा उघडून दाखवला. मग माझ्याकडे बघितलं — आता मी काहीतरी बोलेन म्हणून. तिला उतरवलं. ड्रायव्हरने विचारलं, तुम्हीपण उतरताय? मी म्हटलं, नाही.

आणि मी ती थडगी बघितली. तिथल्या कॅफेत सूपही प्यायले.

प्रवेश नाकारल्याचं पत्र देऊन तिला परत पाठवलं होतं. संध्याकाळी खोलीत तीच म्हणाली, “चूक माझीच. मी नीट बघायला हवं होतं.” मी म्हटलं, होतं असं कधीकधी. सकाळी मालकिणीने माझ्यापुढे बशी ठेवली आणि चहा फक्त अश्विनीला विचारला.

इथे कायम राहण्याच्या अर्जात प्रश्न असतो — कुठल्या देशाने प्रवेश नाकारलाय का? अश्विनीने खरं लिहिलं. अर्ज कित्येक महिने अडकला, आणि निकालाआधी देश सोडला तर तो बाद होतो. सांगलीला तिच्या एकुलत्या एका भावाचं लग्न झालं, ते तिने माझ्या घरी टीव्हीवर बघितलं. पैठणी नेसून आली होती. मंगलाष्टकांना तिने वाटीतल्या अक्षता उचलून टीव्हीवर टाकल्या. तिच्याबरोबर मीही टाकल्या. मग ती माझ्या गळ्यात पडून रडली.

“तू नसतीस तर मी वेडी झाले असते गं,” ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, चल, जेवून घे.