दुपारी गिरणी चालू राहील

डॉक्टरांनी माझ्या गळ्याचं छोटंसं ऑपरेशन केलं आणि सांगितलं, एक महिना तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता का?" मी म्हटलं, "नाही, मी गिरणीवाली." पंचवीस वर्षं धानाच्या गिरणीवर आवाज चढवून बोलल्यावर गाठी नाही येणार तर काय मोती येणार!

सगळ्यांना हसू येतंय. शेजारणी मुद्दाम येऊन सांगून जातात, "आता छोट्या मालकाले जरा आराम हाय बापा." छोटे मालक म्हणजे आमचे हे. हसा, हसा. ऑपरेशनच्या टेबलावर मला एकच काळजी होती आणि ती गळ्याची नव्हती. दुपारी बारा वाजता आमच्या घरात आवाज नसला, तर आमच्या ह्यांचं काय होईल? लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि गावात असताना एकही दुपार मी गप्प बसलेली नाही. हौस म्हणून नव्हे. बोलता येत नाही तर लिहून सांगते, पण सांगितल्याशिवाय राहणार नाही.

आमचं गाव अड्याळ आणि पवनीच्या मधलं. माझ्या बाबांची धान भरडायची गिरणी होती. डिझेलचं इंजिन, हॅन्डल मारून चालू करायचं, आणि एकदा चालू झालं की शेजारच्या गावातही कळायचं. गिरणीच्या पलीकडे तलाव, आणि तलावाच्या वरच्या अंगाला मालगुजारांचं, म्हणजे जुन्या जमीनदारांचं घर. मालगुजारी कधीच गेली. पण तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, त्याच्या पाण्यावर अख्ख्या गावाचं धान पिकतं, म्हणून मान काही गेला नव्हता. त्या घरचा माणूस रस्त्यात भेटला की म्हातारे अजून चप्पल काढून बाजूला उभे राहत.

हे त्या घरचे धाकटे. लष्करात अधिकारी होते. डोंगरातल्या लढाईतून परत आले ते नोकरी सोडूनच आले. हातपाय धड, चेहरा धड, पण माणूस घरी पोचलेलाच नव्हता. जेवण नाही, झोप नाही. ह्यांचे थोरले भाऊ, गाव त्यांना मोठे मालक म्हणे, त्यांनीच ह्यांना बापासारखं वाढवलेलं. त्यांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं की पोराच्या डोक्यात तोफांचा आवाज बसलाय, त्याला शांतता पाहिजे. कोतवाल घरोघरी सांगून आला, दुपारी बारा ते चार गावात आवाज नको.

आणि गावानेही काय ऐकलं! लोकांनी बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढल्या. लोहाराने घण खाली ठेवला. बाया कपडे आपटेनात, नुसते पिळून वाळत घालत. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची आमची जत्रा, भरली त्या दिवशी दुपारी डफसुद्धा वाजला नाही. जबरदस्ती कोणाची नव्हती. आपल्या मालकाच्या घरचा पोरगा लढून आला, त्याला झोप लागू दे, एवढंच होतं.

आमची गिरणीही बंद. नवं धान भरडायला येण्याचे दिवस, दारात पोत्यांची रांग, आणि बारा ते चार इंजिन थंड. बाबा म्हणाले, "मालकाचा शब्द हाय बाई, थांबू चार वाजेपर्यंत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बावीस वर्षांची, तोंडाने फटकळ म्हणून तालुक्यात नाव. पाचव्या दिवशी दुपारी मी पदर खोचला आणि निघाले मालकाच्या घरी भांडायला.

घरापर्यंत जावंच लागलं नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक माणूस भरभर चालत होता. हातात काठी, आणि ती काठी तो वाटेतल्या प्रत्येक दगडावर आपटत होता. टक, टक, टक. जवळ गेल्यावर ओळखलं. ज्याच्या झोपेसाठी गाव श्वास धरून बसलं होतं, तोच माणूस भर उन्हात आवाज करत फिरत होता!

मी नमस्कारसुद्धा केला नाही. "काहून मालक, तुम्हाले झोप लागत नाही म्हून आमच्या पोटावर पाय कायले देऊन राहिले?"

ते थांबले. "तू कोण?"

"गिरणीवाल्याची पोरगी. पाच दिवस झाले, तुमच्यापायी आमची गिरणी दुपारी बंद हाय."

"गिरणीबी माझ्यापायी?" त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. "मले वाटलं, इंजिन बिघडलं. मी तं रोज वाट पाहून राहिलो, कधी चालू होते म्हून."

मी तिथंच पाळीवर बसकण मारली. भांडायला आणलेलं सगळं भांडण वाया गेलं. "मंग पाहिजे तरी काय तुम्हाले?"

"आवाज," ते म्हणाले. "कशाचाबी चालते. दुपारी एवढं गप्प नको."

एवढ्या मोठ्या गावात त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, भावाले सांगा ना. ते म्हणाले, "कसं सांगू? माझ्यासाठी लोकायनं बैलाच्या घंट्या काढल्या. भाऊ बाराच्या ठोक्याले दारात पहारा देते, मी मांगच्या दारानं निसटतो. त्यायले काय सांगू, का याच्यानंच मी मरून राहिलो?" आणि मलाही शपथ घातली, कोणाजवळ तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बारा वाजले की मी धुण्याचं गाठोडं घेऊन तलावावर. पलीकडच्या टोकाला एक मोठा दगड होता, तिथून गावात ऐकू जात नसे. कपडे असे आपटायचे की पाण्यातले बगळे उडावेत. एक चादर तर मी धुऊन धुऊन फाडली. आणि आपटता आपटता बोलायचं. आमच्या कोंड्यात शिरलेलं डुक्कर, पवनीच्या बाजारात आत्याने बांगडीवाल्याशी घातलेला वाद, गोसीखुर्द धरणापायी गाव सोडलेल्या मामीने नव्या घरात लावलेलं जुन्या अंगणातलं जांबाचं झाड. ते चार हात लांब बसत आणि मधून मधून फक्त "हं" म्हणत. एके दिवशी डुकराच्या गोष्टीवर हसले. माझ्या हातातून साबण सुटला. इतका चांगला हसणारा माणूस लपवून ठेवला होता त्यांनी!

कारण मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. डोंगरात ह्यांचा एक जवान खालच्या घळीत जखमी होऊन पडला होता. समोर शत्रूची नजर. अंधार पडेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही, हा हुकूम ह्यांनीच दिला. जो उतरला असता तो मेलाच असता. सकाळपासून त्याचा आवाज वर येत राहिला. दुपारी बाराच्या सुमाराला बंद झाला. तेव्हापासून दुपार गप्प झाली की ह्यांचे कान तो आवाज शोधत बसतात. तो काय ओरडत होता ते ह्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मदत मागत असेल, दुसरं काय मागणार.

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं, मला हाच माणूस पाहिजे. दया म्हणून मुळीच नाही. मला तो आवडला होता, हसतानाही आणि गप्प असतानाही, आणि माझ्यासारख्या बडबडीला ऐकून घेणारा दुसरा कोण मिळणार होता! आमची जात एक, पण पायरी एक नव्हती. म्हटलं, पायरीचं पुढे पाहू.

तेवढ्यात बातमी आली. मोठ्या मालकांनी ह्यांना लांबच्या एका आश्रमात पाठवायचं ठरवलं होतं. तिथे सगळे मौन पाळतात म्हणे, पाखरूसुद्धा ओरडत नाही. निदान वर्षभर ठेवायचं. परवा दुपारी जीप. मी धावत पाळीवर गेले आणि म्हटलं, "आता तरी बोला. तिथं एक महिनाबी जगणार नाही तुम्ही." ते काठीने माती उकरत राहिले. म्हणाले, "भाऊ रडला काल. मी हो म्हटलं."

"हो म्हटलं! बरं केलं!" मी ओरडले आणि रडत घरी आले. रात्रभर संताप आवरेना. पण शपथ तोंडाची होती ना? मग ठीक.

ठरल्या दिवशी जीप मालकाच्या दारात लागली. बारा वाजले. मी गिरणीत गेले, हॅन्डल घातलं आणि इंजिनला दिले तीन फेरे. बाबा धावत आले. "अवो, पागल झाली का? जीव घेशीन काय त्या पोराचा?" मी म्हटलं, "बाबा, पट्टा चढवा." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे, मुकाट्याने पट्टा चढवला. आठ आठवडे गप्प असलेल्या दुपारी आमची गिरणी अशी धडधडली की पत्र्यावरची धूळ खाली आली.

मोठे मालक तरातरा आले, मागे अर्धं गाव. तोंड लाल. काय बोलले ते देव जाणे, इंजिनपुढे एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी इंजिनला पाठ लावून उभी राहिले. हात लावून तर पाहा, असं तोंडावर लिहिलं असणार, कारण कोणी पुढे झालं नाही.

मग गर्दीच्या मागून हे आले. प्रवासाचे कपडे, हातात पिशवी. कोणाकडे न पाहता आत शिरले, धानाच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले, डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. पाच मिनिटांत त्यांची मान एका बाजूला कलली आणि तोंड उघडं पडलं. माणूस झोपला होता. त्या धडधडाटात, कोंड्याच्या धुळीत, लहान पोरासारखा गाढ झोपला होता.

कोतवालाला वाटलं, आता तरी आवाज बंद करावा. तो इंजिनकडे वाकला, तसा मोठ्या मालकांनी त्याचा हात धरला. मग ते भावाशेजारच्या पोत्यावर बसले आणि डोक्यावरची टोपी काढून तिने त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसलंसुद्धा नाही. डिझेल संपत आलं तेव्हा बाबांना खुणेने म्हणाले, अजून आणा. जीप रिकामी गेली.

आमच्या लग्नाची मागणी घालायला मोठे मालकच गिरणीत आले, पायरी वगैरे तेच विसरले. वरातीला दोन बँड लावले, दोन्ही एकाच वेळी वाजत होते, आणि लग्न लागलं भर दुपारी. गिरणीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवून घेतलं, "दुपारी गिरणी चालू राहील." ते आता नाहीत. अक्षरं आहेत, दर दिवाळीला मी रंग देते.

गिरणीला लागूनच आमचं घर. इंजिन जाऊन विजेची मोटर आली. पण वीज म्हणजे आपल्याकडे पाहुणी, बसते तेवढी बसते आणि उठते. लाइन गेली की मी सुरू. स्वयंपाकघर असो, अंगण असो, हे जिथे असतील तिथे जाऊन मी बोलत राहते. पंचवीस वर्षं ह्यांचं उत्तर एकच, "हं." माझी कधी तक्रार नव्हती.

तर ऑपरेशन करून घरी आले. दोन दिवस मोटर चालली. तिसऱ्या दिवशी बाराला दहा कमी असताना लाइन गेली. शेजारीपाजारी सगळे शेतात. अंगणात पान हललं तरी ऐकू येईल इतकं गप्प. हे ओसरीवर बसले होते आणि त्यांचा हात गुडघ्यावर टकटक करायला लागला होता. मी थाळी आणि चमचा घेऊन धावले आणि बडवायला लागले. बोलता येत नाही ना, मग हे तरी.

त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. बस इथं. आज मी बोलतो."

मी बसले. मग त्यांनी एक नाव घेतलं. त्या घळीतल्या जवानाचं. माझ्यासमोर पहिल्यांदाच घेतलं.

"तो मदत मांगून नव्हता राहिला," ते म्हणाले. "तो नुसता बोलून राहिला होता. घरच्या म्हशीचं, बहिणीच्या लग्नाचं, वावरातल्या विहिरीले पाणी लागलं त्याचं. आम्हाले कळावं, का तो हाय अजून. मधून मधून म्हणे, साहेब, ऐकून राहिले ना? आन् मी ओ नाही दिली. ओ दिली असती तं आमची जागा कळली असती. माझ्याजवळ सहा पोरं होती." ते माझ्याकडे वळले. "तू त्या दिवशी कपडे आपटत डुकराचं सांगत होती, तवा मले वाटलं, तोच बोलून राहिला. तुलेबी मी पंचवीस वर्षं ओ नाही दिली. हं म्हटलं फक्त."

मला रडू फुटलं. आवाज न करता रडणं माझ्यासारखीला किती अवघड, ते त्या दिवशी कळलं. मला सांगायचं होतं की तुमचं हं मला पुरलं, भरपूर पुरलं. तोंडात एक शब्द नाही.

मग त्यांनी पाण्याचं सांगितलं, तलावात यंदा किती आहे ते. धानाचं सांगितलं. शाळेत असताना भावाची सायकल तलावात बुडवली होती, ते सांगितलं, आणि मध्येच थांबून विचारलं, "ऐकून राहिली ना?"

मी थाळीवर चमचा मारला. एकदाच, जोरात. ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग तोंडावरून हात फिरवला आणि पुढे सांगायला लागले.

आज सोळावा दिवस. आता मोटर चालू असली तरी ते बारा वाजता ओसरीवर येऊन बसतात, सायकलची गोष्ट अजून संपलेली नाही, आणि विचारतात रोज. डॉक्टर म्हणतात, महिन्याने आवाज येईल. येईल तेव्हा येवो. बाराला पाच कमी आहेत. वही मिटते, आधी थाळी कुठे ठेवली ते पाहते.