सालोमीमावशीची रोझरी

माझा नवरा क्लेमेंट कॉम्प्युटरशी बोलतो तितका माझ्याशी बोलला असता, तर आमच्या संसाराचं सोनं झालं असतं. अंधेरीला प्रोग्रॅमर आहे. नंदाखालला घरी आला की हातपाय धुऊन पुन्हा तेच खोकं. मी शाळामास्तरीण, मठ्ठ पोरांची सवय आहे, म्हणून निभावलं.

पण २००१ सालच्या ऑक्टोबरात मी त्याला एका शब्दाने टोकलं नाही. त्याच्या सालोमीमावशीच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर गेला, जाताना आवाज घेऊन गेला. आमच्या आळीत ऑक्टोबरभर रोझरी, म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायची प्रार्थना, घरोघरी फिरते. ज्या घरी असेल तिथली मोठी बाई प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणते, बाकीचे उरलेला. मावशीने पाटीवर लिहिलं, 'यंदा आमचं घर सोडा.' क्लेमेंटला प्रार्थना शिकवली ती तिनेच. पाटी वाचून तो बाहेर विहिरीपाशी जाऊन उभा राहिला.

मावशीच्या मुलीने, एलिनाने, कॅनडाहून जुना लॅपटॉप पाठवला होता. टाइप केलेलं बोलून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम क्लेमेंटला सापडला. आमच्या कॉम्प्युटरवर तो छान बोलायचा. लॅपटॉपवर मात्र तयारच होईना, पडदाभर चुकांच्या ओळी.

"मग आपलाच कॉम्प्युटर उचलून ने की," मी म्हटलं.

"एका दिवसापुरता नेईनही. रोज बोलायला तिला मांडीवर मावणारं हवं ना."

आवाज झटपट निघावा म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काही भाग थेट इंटेल प्रोसेसरच्या भाषेत, असेंब्लीत, लिहिला होता. एलिनाच्या लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा. "आपली घरची बोली तुझ्या मनवेलपाड्याच्या शाळेतल्या पोरांसमोर बोलल्यासारखं," क्लेमेंट म्हणाला. मला समजेल असं त्याने आयुष्यात सांगितलेलं हे एकमेव वाक्य.

आधी त्याने त्या असेंब्लीच्या ओळी सरळ काढून टाकल्या. चुका गेल्या, प्रोग्रॅम तयार झाला, पण आवाजच येईना. "हेही ऑपरेशनच झालं," तो म्हणाला आणि ताटावरून उठला. मला फार वाईट वाटलं.

मग एकेक ओळ काय करते ते समजून घेत त्याने ती कुठल्याही प्रोसेसरला चालेल अशा साध्या सी भाषेत लिहिली. आता आवाज आला, पण नुसती खरखर. ह्या प्रोसेसरला आकडे उलट्या क्रमाने लागत होते, आपण आधी नाव लिहितो आणि सरकारी कागदाला आधी आडनाव लागतं, तसं. तेही सुधारलं. लॅपटॉप बोलला. पण असेंब्लीचा वेग गेलेला. एंटर दाबलं की बराच वेळ शांतता, मग शब्द.

"आधीच रेकॉर्ड करून ठेव," मी सुचवलं. मावशीने पाटी ओढून लिहिलं, 'कॅसेट तर चर्चमध्येही आहे. मला स्वतः म्हणायचंय.'

क्लेमेंटला घोर लागला तो ग्रेसीकाकूंचा. शेजारच्या ह्या बाईला शांतता सोसत नाही. म्हणणारी श्वास घ्यायला थांबली की ह्या पुढचं उचलतात. आदल्या वर्षी आळीतल्या पॉलिनला ठसका लागला, तर उरलेली अख्खी रोझरी काकूंनीच म्हटली. मावशीची प्रार्थना त्या पहिल्याच खेपेला हिसकावून घेणार, ह्यात मलाही शंका नव्हती.

रोझरी मावशीकडे आली त्या संध्याकाळी तिच्या ओटीवर सगळे गुडघे टेकून बसले. मावशी पूर्वी टायपिस्ट होती, बोटं भरभर चालली. एंटर दाबलं. शांतता. ग्रेसीकाकूंनी श्वास भरला, तोंड उघडलं. मी डोळे वटारले, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या मावशीच्या गळ्यावरच्या पट्टीकडे बघत होत्या. त्यांनी तोंड मिटलं.

"नमो मरिये," लॅपटॉप बोलला, हिंदी बातम्यांतल्या माणसासारखा. आम्ही उरलेलं म्हटलं. प्रत्येक मण्याला तेवढीच शांतता आणि प्रत्येक वेळी काकू मणी चिमटीत धरून गप्प. पहिल्यांदाच मी प्रार्थना नीट ऐकली.

संपल्यावर काकू गुडघे चोळत उठल्या. "सालू, जरा लवकर बोलायला सांग ह्याला. थांबून थांबून जीव गेला माझा."

मावशीने टाइप केलं. सगळे थांबले, काकूसुद्धा.

"तू गप्प बसलीस, हेच पुष्कळ झालं," लॅपटॉप म्हणाला.

आळी हसत सुटली. क्लेमेंट तेवढा उठून पुन्हा विहिरीपाशी गेला आणि ह्या वेळी मीही त्याच्या मागे गेले.