साईच्या काठाचं झाड

आमच्या सुनेनं कासारसाईच्या माहेराहून एकच जिवंत वस्तू आणली, ती म्हणजे जेडची कुंडी. जाड, रसाळ पानं. झाड बहुतेक हिरवं, पण मधेमधे काही डहाळ्यांच्या पानांना साईच्या रंगाचा काठ. तिच्या आईच्या हातचं झाड ते. लग्नाला वर्ष झालं नाही तोच ती माउली गेली, त्यामुळं त्या कुंडीचं मोल काय ते मी वेगळं सांगायला नको.

विहीणबाईंचं आणि माझं मात्र कधी पटलं नाही. लग्नात मानाच्या साडीवरून आमची अशी जुंपली की दोन्हीकडची भावकी अजून हसते. त्या म्हणायच्या रंग झकास आहे, मी म्हणायची पोतेरं आहे. होतंच पोतेरं!

सून हिंजवडीला कंपनीत. पाऊसकाळाच्या तोंडाशी कंपनीनं तिला परदेशी धाडलं, लेकही सोबत गेला. पिरंगुटच्या बाजारात मी ही बातमी भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळ्यांना ऐकवली, कुणी विचारलं नव्हतं तरी. निघताना पोरगी म्हणाली, "आई, बाकी काही नको, माझं झाड तेवढं सांभाळा."

"अगं, जन्मभर भाताची खाचरं सांभाळली," मी म्हणाले, "कुंडीचं काय घेऊन बसलीस!"

इथंच तर घोडं पेंड खातं. आमच्या मालकांचं सगळं आयुष्य भातात गेलं. पान पांढरं-पिवळं दिसलं की रोग, आणि रोगट ते उपटायचं, जोमाचं तेवढं राखायचं, हे त्यांच्या बोटांनाच ठाऊक. मी चार दिवस बावधनला लेकीकडं गेले. परत येऊन बघते तर कुंडीत काठोकाठ शेणखत, झाड हिरवंगार, आणि काठाच्या डहाळ्या गायब.

"रोगट समदं खुडून टाकलं," मालक पडवीतून मोठ्या तोऱ्यात म्हणाले. "आता बघ कसं वर येतंय."

मी तशीच उकिरड्याकडं धावले. खुडलेल्यावर शेणाच्या पाट्या पडून गेलेल्या. उकरलं तर हाताला नुसता लिबलिबीत लगदा लागला. तिथंच खाली बसले आणि रडले. पोरीच्या आईची एवढीच खूण, आणि ती आमच्या घरात पुसली गेली, असं सांगायचं कसं?

भिंतीकडच्या बाजूला एक कोंब राहिला होता, अंगठ्याएवढा. ह्यांच्या नजरेतून सुटलेला. त्याच्या चारी पानांना काठ होता. पण हिरव्याचा जोर दांडगा. बघता बघता ते वर चढलं आणि कोंब त्याच्या सावलीत मलूल पडला. उसाचं बेणं निवडलेली बाई मी. जसं बेणं तसं पीक, एवढं मला कळतं. विळा घेतला आणि त्या कोंबाच्या वरचं सगळं हिरवं छाटून टाकलं.

मालक ताडकन उठले. "अगं, टाळकं फिरलं का तुजं? भरलं पीक कापतीस आन मरतुकडं ठेवतीस?"

"हे भात न्हाई," मी म्हणाले. "आन मला पोरीला तोंड दाखवायचं हाय."

मग बोलणं बंद. शेणखत काढलं, वाळू आणि विटांचे तुकडे घातले, कुंडी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. बाहेर आमच्या मुळशीचा पाऊस धो धो कोसळतोय, आणि मी झाडाला थेंब दाखवत नव्हते, जास्त पाण्यानं असलं रसाळ झाड कुजतं म्हणून. शेजारीण तांब्या घेऊन आली, "तहानलंय ग बिचारं!" तिचा तांब्या मी हिसकावूनच घेतला. हळूहळू कोंबाला फुटवा आला. काठाचा आला तर राहू दिला, कोरा हिरवा आला की खुडला. एके सकाळी बघते तर खिडकीपाशी मालक, चिमटीत हिरवा कोंब.

"काठ नव्हता याला," म्हणाले, आणि निघून गेले. बोलणं सुरू झालं ते असं.

दिवाळीच्या आधी सून आली. पायावर पाणी घातलं न घातलं तोच खिडकीपाशी. झाड जेमतेम वीतभर.

"एवढंसंच राहिलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोच मालकच पुढं झाले. "म्या खुडलं, पोरी. रोग वाटला मला. हिनं राखलं."

तिनं कुंडी उचलून उजेडात धरली. एक एक पान निरखलं. डोळ्यांना धारा.

"आई, माहेरच्या अंगणात असंच होतं हो हे. सगळंच्या सगळं काठाचं. हिरवं दिसलं की माझी आई लगेच खुडायची. ती गेली आणि माझा हातच धजेना. तिचं झाड मी कापू कसं? म्हणून हिरवं माजत गेलं." मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचा हात अगदी माझ्या आईसारखा आहे."

जिच्याशी माझं हयातीत पटलं नाही, तिच्या लेकीनं हे म्हणावं! माझी छाती पडवीत मावेना. ती मानाची साडी गेली चुलीत. विहीणबाई, माझा मान मला पोचला.