उलटा स्क्रू

कानस हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण बंदुका दुरुस्त करणाऱ्या या बाईची जीभ एकदा अंगावरून फिरली, की तिला दुसऱ्या नावानं हाक मारायची कुणाची छाती होत नसे. हत्यारं तिला वडिलांकडून मिळाली होती. रागही त्यांच्यापायीच, फक्त तो त्यांना स्वतःला कधी आला नाही. सगळा हिच्या वाट्याला आला.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचे वडील जुन्या बंदुकांच्या दुकानात मिस्त्री होते. तिथं एक फ्रेंच रायफल आली. चापाखालची लोखंडी कडी खाली ओढून वर घेतली, की पुढची गोळी आपसूक नळीत चढायची. अशा रायफली जगात बोटांवर मोजण्याइतक्याच उरलेल्या. एकदा न्याहाळता न्याहाळता ती मालकांच्याच हातून पडली आणि गोळी वर उचलणारा आतला तुकडा मोडला. मालक म्हणाले, "गुपचूप नवा कर." वडिलांनी तीन महिने कानस चालवून हुबेहूब तुकडा घडवला. पण गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या जाणकारानं तो नवा असल्याचं ओळखलं, आणि मालकांनी भर दुकानात मिस्त्रीकडे बोट केलं, "मूळचा यानं चोरला!"

काढलेला तुकडा त्याच बंदुकीच्या दस्त्यात, खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागात, ठेवायचा, ही वडिलांची रीत. उपटसुंभांनी दस्ता उघडू नये म्हणून मागच्या पट्टीला ते स्वतः बनवलेला स्क्रू लावत, नेहमीपेक्षा उलट्या आट्यांचा. ते कळवळून म्हणाले, "दस्त्यात आहे हो! स्क्रू उलटा फिरवा."

जाणकारानं उलटा म्हणजे डावीकडे फिरवला. सगळं जग स्क्रू काढायला डावीकडेच फिरवतं. हा मात्र आणखी घट्ट बसला, आणि वडिलांना बंदुकीला हातही लावू न देता बाहेर काढलं. घरी पोचल्यावर वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला. उजवीकडे म्हणायला हवं होतं! तसेच परत गेले, तर रखवालदारानं दारातूनच हाकललं. पुढची चार वर्षं ते चोर म्हणून जगले आणि चोर म्हणूनच गेले.

मालकांच्या घशात ती रायफल उतरवावी असं कानसला किती वेळा वाटलं, त्याला गणती नाही. म्हणूनच तर ती हे काम शिकली.

आणि एके दिवशी मालकांचाच निरोप आला. रायफल वस्तुसंग्रहालयाला द्यायची होती, पण संग्रहालयाची माणसं ती आतून बघितल्याशिवाय हात लावेनात. स्क्रू कुणालाच निघत नव्हता.

कानस गेली. काचेच्या टेबलाभोवती संग्रहालयाची चार माणसं उभी होती, मधोमध मालक. केस पिकले होते, पण तोरा तसाच.

"आधी एक सांगा," ती म्हणाली. "माझे वडील कोण होते?"

"जुनी मढी कशाला उकरतेस?" मालक हसले. "चोर होता, दुसरं काय."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?"

तिनं स्क्रूच्या खाचेत पेचकस लावला. आत काहीच नसलं तर? मग बाप चोरच ठरला, तोही तिच्याच हातून. तिनं दात आवळून उजवीकडे जोर दिला. स्क्रू कुरकुरला आणि सुटला. पट्टी निघाली, तिनं रायफल उभी धरली आणि तेलकट फडक्याची पुरचुंडी टेबलावर पडली. आत दोन ठिकाणी मोडलेला तुकडा होता आणि एक चिठ्ठी.

"वाचा," तिनं ती मालकांपुढे धरली.

"माझा चष्मा..."

"मोठ्यानं वाचा."

मालकांनी वाचलं, "मालकांच्या हातून पडून मोडला. मूळ तुकडा इथे ठेवला आहे. मिस्त्री."

संग्रहालयाची माणसं मालकांकडे बघत होती. मालक पुटपुटले, "पोरी, तुझा बाप देवमाणूस होता गं."

"ते तुम्ही मला सांगू नका. ज्याचा तुकडा त्याच्यापाशी राहावा, असं बाबा म्हणायचे. चोर हा शब्द एकोणीस वर्षं आमच्या घरात पडून होता. तुमचाच आहे तो. ठेवून घ्या."

तिनं पेचकस पिशवीत टाकला.

"अगं, स्क्रू तरी बसवून जा!"

"उलटा फिरवा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.