सुरी हसत नाही

तिचा नवरा विनोदी नाटकं लिहायचा आणि घरात त्याच्याइतका गंभीर माणूस दुसरा नव्हता. रोज ती भाजी चिरायला बसली, की तो समोर स्टूल ओढून ताजं पान वाचून दाखवायचा. तिच्या तोंडाकडे तो बघायचाच नाही. त्याची नजर सुरीवर. “बायको नवऱ्याचं मन राखायला हसते, सुरी हसत नाही,” असं त्याचं म्हणणं. सुरी थांबली तरच वाक्य राहायचं, नाहीतर पान केराच्या टोपलीत. पंधरा वर्षं हेच चाललं होतं.

एकदा हसण्याच्या भरात सुरी थेट तिच्या बोटात घुसली.

“अहो, रक्त येतंय!”

“हो, हो. पण नेमकं कुठल्या शब्दाला?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने खरं ते सांगितलं, “शेवटच्या दोन शब्दांच्या आधीच.”

त्याने ते दोन शब्द खोडले आणि मग धावत कापूस आणला.

पहिल्या प्रयोगात नट त्या वाक्याला नेमका तिथेच थांबला आणि अख्खं थिएटर हशाने दणाणलं. पहिल्या रांगेतून तिने पट्टी बांधलेलं बोट वर करून दाखवलं. विंगेतला नवरा आज पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत होता.