हाली रुपयांची माळ

"तराजूला हात लावू नको," असं म्हणून सोमलीबाईनं गळ्यातली माळ मुठीत धरली.

काल डोंगरकड्याच्या बाजारात, सोनाराच्या ओट्यावर हे घडलं. तुम्हाला लगेच सांगतो आहे, कारण ही अफवा तुमच्याही गावात पोचली असेल. निजामाचं राज्य गेलं, आता त्याचा हाली रुपयाही बंद होणार आणि सगळीकडे हिंदुस्थानचा कलदार रुपयाच चालणार, असं जो तो सांगतो आहे. सोमलीबाईच्या माळेत सगळे चांदीचे हाली रुपये. तांड्यावर तिच्या लेकीचं लग्न ठरलं आहे आणि माळ तिलाच द्यायची आहे; सोनार मात्र ती तोलून विकत मागत होता.

"महिन्याभरात त्याची माती होईल, मावशी. तुमाला तकलीफ नको म्हणून घेऊन राहिलो," सोनार म्हणाला.

"माती व्हणार तर तू काहून घेतोस? तुझ्या घरी माती कमी हाय व्हय?"

लोक हसले. सोनार हसला नाही.

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, तुमी शिकलेले. खरं काय?"

"मला ठाऊक नाही."

"ठाऊक न्हाई म्हणायला यानं तुमाला काय दिलं?" असं म्हणून ती उठून गेली.

मला राग आला नाही. बंद होणाऱ्या नाण्यासाठी एवढी घाई कुणाला असते? तुमच्या गावात ही नाणी कोण गोळा करतं आहे?

आज सकाळी सोनार तराजू घेऊन तांड्यावर गेला आणि त्यानं दुप्पट भाव सांगितला. माळ तोवर लेकीच्या गळ्यात होती.